खेळ आपला, प्रकाशन कोणाचे?
भारतातील मोबाइल खेळांच्या बाजारपेठेचा आढावा

(मोबाइल खेळांच्या निर्मितीकडे वळू इच्छिणाऱ्या तंत्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाची ही संहिता.)



सारीपाट हा आपल्या देशातील फार जुना खेळ होय. फत्तेपूर सिक्रीच्या राजवाड्यातील अंगणात पचिसीचा पट फरशीवरच आखलेला आजही पाहावयास मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडमध्ये रूपांतरित झाला. कवड्यांच्या जागी फासा आला, नियम सुटसुटीत झाले, ‘लुडो’ या नावाने त्याचे एकस्व घेतले गेले आणि रंगीत पेटीत बसून तो जगभर विकला जाऊ लागला. मोक्षपटाचेही तसेच झाले. परंपरा ज्याचे जनकत्व संत ज्ञानेश्वरांकडे देते, तो पाप-पुण्याचा पट ‘साप-शिडी’ होऊन आपल्याकडे परत आला. दोन्ही खेळांची कल्पना येथली होती. परंतु तो छापणारा, दुकानात मांडणारा, त्याचा गाजावाजा करणारा आणि त्याचे हक्क राखणारा प्रकाशक परदेशी होता. म्हणून त्यांच्यापासून होणारी प्राप्तीही परदेशातच राहिली.

आज खेळाचा पट हातातल्या मोबाइलवर मांडला जातो. या नव्या पटावर भारत खेळतो आहे, भारतीय तरुण खेळ बनवीतही आहेत. प्रश्न उरतो तो प्रकाशनाचा. आजच्या व्याख्यानात मी प्रामुख्याने या एकाच प्रश्नाचा विचार करणार आहे. कारण खेळ बनविण्याचे तंत्र आपणांस वर्गात शिकविले जाते, पण खेळ लोकांपर्यंत कसा जातो आणि पैसा परत कसा येतो, हे सहसा कोणी शिकवीत नाही.

प्रकाशक म्हणजे कोण?

पुस्तकाचा लेखक आणि पुस्तकाचा प्रकाशक यांतील भेद आपणां सर्वांना ठाऊक आहे. मोबाइल खेळाच्या बाबतीतही तोच भेद आहे. मात्र येथे प्रकाशकाची कामे अधिक व्यापक असतात. खेळ पूर्ण होण्यापूर्वीच तो निर्मात्याला पैसा पुरवितो. एखाद्या लहान प्रदेशात खेळ प्रथम चाचणीसाठी सोडतो. पहिल्या दिवशी आलेल्या शंभर जणांपैकी दुसऱ्या दिवशी किती परतले, आठवड्यानंतर किती उरले, याची मोजदाद करतो. निरनिराळ्या भाषांत खेळाची आवृत्ती तयार करवितो. जाहिराती देऊन खेळाडू गोळा करतो. पुस्तक एकदा छापले की छापले. मोबाइल खेळ मात्र प्रकाशनाच्या दिवशी खऱ्या अर्थाने सुरू होतो. सणासुदीचे विशेष सामने, नव्या वस्तू, दोषांची दुरुस्ती, फसवणूक करणाऱ्या खेळाडूंचा बंदोबस्त ही सारी व्यवस्था वर्षानुवर्षे चालवावी लागते.

याशिवाय प्रकाशकाच्याही वर आणखी एक सत्ता आहे. ती म्हणजे ॲप स्टोअर, अर्थात ज्या दुकानातून खेळ डाउनलोड होतो ते दुकान. भारतातील नव्वद टक्क्यांहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइड प्रणालीवर चालतात. त्यामुळे भारतीय निर्मात्यासाठी गूगलचे प्ले स्टोअर हाच मुख्य दरवाजा ठरतो.

बाजारपेठेची जडणघडण

आपल्याकडे या व्यवसायाचा आरंभ स्मार्टफोनच्या पुष्कळ आधी झाला. १९९९ साली मुंबईत विशाल गोंडल यांनी इंडियागेम्स ही कंपनी स्थापन केली. त्या काळी बटणांच्या फोनवर जावा तंत्राने बनविलेले छोटे खेळ चालत. ते विकण्याची जागा म्हणजे दूरसंचार कंपनीची सूची. ग्राहकाच्या शिल्लक रकमेतून पैसे परस्पर कापले जात आणि त्यातील मोठा वाटा दूरसंचार कंपनीकडे राही. म्हणजे प्रकाशनाची किल्ली त्या वेळीही निर्मात्याच्या हाती नव्हती. इंडियागेम्स पुढे २००७ मध्ये यूटीव्हीकडे आणि नंतर डिस्नेकडे गेली.

स्मार्टफोन आल्यावर दूरसंचार कंपन्यांची सूची मागे पडली आणि ॲप स्टोअरचे युग सुरू झाले. २०१६ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि शेकड्यांत मोजावा लागणारा एका गिगाबाइटचा दर काही काळातच दहा-वीस रुपयांच्या घरात आला. त्याच वर्षी यूपीआय व्यवस्था सुरू झाल्याने पाच-दहा रुपयांची देवघेवही फोनवरून करणे सुकर झाले. खेड्यापाड्यांतील तरुणांच्या हाती एकाच वेळी पडदा, जोडणी आणि पाकीट आले.

याच वर्षी नवी मुंबईतील गेमेशन या कंपनीने, विकास जयस्वाल यांच्या नेतृत्वाखाली, ‘लुडो किंग’ हा खेळ प्रकाशित केला. दहा कोटी डाउनलोडचा टप्पा ओलांडणारा पहिला भारतीय खेळ असा त्याचा लौकिक झाला. २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत अडकलेली कुटुंबे या खेळामुळे एका पटाभोवती जमली. या यशाकडे आपण प्रकाशनाच्या दृष्टीने पाहावे, असे मी सुचवीन. खेळाचे नियम कोणालाही समजावून सांगावे लागले नाहीत. साध्या फोनवरही तो चालला. दूरच्या नातलगांशी खेळण्याची सोय त्यात होती, त्यामुळे एक खेळाडू दुसऱ्याला आपण होऊन घेऊन आला. मुख्य म्हणजे निर्माता आणि प्रकाशक एकच राहिले.

संख्या मोठी, प्राप्ती लहान

डाउनलोडच्या संख्येत भारत अलीकडच्या वर्षांत जगात अग्रभागी राहिला आहे. लुमिकाई या गुंतवणूक संस्थेच्या अहवालानुसार २०२२-२३ या आर्थिक वर्षात देशात ५६ कोटी ८० लाख लोक संगणकीय खेळ खेळत होते, खेळांचे १,५४० कोटी डाउनलोड झाले आणि एकूण बाजारपेठ ३.१ अब्ज डॉलरची होती. या आकड्यांनी हुरळून जाण्यापूर्वी एक भागाकार करावा. दर खेळाडूमागे वर्षाला सुमारे साडेपाच डॉलर पडतात. शिवाय या रकमेतील निम्म्याहून अधिक भाग पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांचा होता. तो वगळल्यास निव्वळ करमणुकीच्या खेळांतून एका खेळाडूमागे वर्षाला पावणेतीन डॉलरही हाती येत नव्हते.

या तफावतीची कारणे समजून घेतली पाहिजेत. आपला खेळाडू प्रायः विनामूल्य खेळतो. निर्मात्याला प्राप्ती होते ती जाहिरातींतून. परंतु भारतीय प्रेक्षकाला दाखविलेल्या जाहिरातीचा दर अमेरिकेतील दराच्या मानाने फारच कमी असतो. म्हणून भारतात गाजलेला खेळ भारतात श्रीमंत होतोच असे नाही. उलट उदाहरणही आपल्या मुंबईतलेच आहे. पेपर बोट ॲप्स या कंपनीचे ‘किडोपिया’ हे लहान मुलांच्या शिक्षणाचे व खेळांचे ॲप प्रामुख्याने अमेरिकेतील पालकांच्या वर्गणीवर उभे राहिले. पुढे मुंबईच्याच नझारा कंपनीने त्यात बहुसंख्य भागभांडवल घेतले. मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारात दाखल झालेली हीच ती नझारा. तात्पर्य असे की, खेळ येथे बनला तरी त्याची बाजारपेठ कोठे शोधायची, हा निर्णय प्रकाशनाचा असतो आणि तोच पुष्कळदा कंपनीचे भवितव्य ठरवितो.

एका रुपयाचा प्रवास

आता हिशेबाकडे वळू. पुढील आकडे केवळ समजावण्यापुरते घेतले आहेत. समजा, खेळाडूने एखाद्या वस्तूसाठी करासह ११८ रुपये दिले. अठरा टक्के दराने १८ रुपये वस्तू व सेवा कराचे गेले, शंभर उरले. स्टोअरची दलाली वर्षानुवर्षे तीस टक्के राहिली. २०२१ पासून गूगलने वार्षिक दहा लाख डॉलरपर्यंतच्या प्राप्तीवर ती पंधरा टक्के केली आणि ॲपलनेही लहान निर्मात्यांसाठी तशीच सवलत दिली. तीस टक्के धरल्यास सत्तर रुपये उरतात. हा पैसे देणारा खेळाडू मिळविण्यासाठी प्रकाशकाने जाहिरातीवर चाळीस रुपये खर्चिले असतील, तर बहुतेक करारांप्रमाणे ते आधी वळते होतात. राहिलेल्या तिसांची निम्मे-निम्मे वाटणी झाली तर निर्मात्याच्या हाती पंधरा रुपये येतात. त्यातूनच चित्रकाराचे, आज्ञावली लिहिणाऱ्याचे आणि संगीतकाराचे वेतन निघावयाचे असते.

दलालीचा हा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढेही आला. प्ले स्टोअरवर स्वतःच्याच देयक प्रणालीची सक्ती केल्याबद्दल आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये तो २१६.६९ कोटींवर आणला. दंड किती, यापेक्षा मोठी गोष्ट अशी की, या दुकानाचे नियम हा सार्वजनिक हिताचा विषय आहे, हे या प्रकरणाने मान्य झाले.

एका बंदीचा धडा

निर्माता आणि प्रकाशक वेगळे असल्यास काय घडू शकते, याचे बोलके उदाहरण म्हणजे ‘पबजी मोबाइल’. मूळ खेळाचे हक्क दक्षिण कोरियातील कंपनीचे. मोबाइलवरील भारतीय प्रकाशन मात्र चीनच्या टेन्सेंटकडे. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ अन्वये ज्या ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत हा खेळ होता. काही दिवसांतच कोरियन कंपनीने भारतातील प्रकाशनाचे अधिकार टेन्सेंटकडून काढून घेतले आणि २ जुलै २०२१ रोजी क्राफ्टनने भारतासाठी वेगळ्या नावाने हा खेळ स्वतः प्रकाशित केला. २८ जुलै २०२२ रोजी तो पुन्हा स्टोअरवरून हटविण्यात आला आणि मे २०२३ मध्ये परतला.

लाखो खेळाडू, त्यांवर पोट असणारे स्पर्धा-आयोजक आणि समालोचक हे सारे या काळात टांगणीला लागले होते. खेळाच्या गुणवत्तेत काही बदल झाला नव्हता. बदलले होते ते प्रकाशकाचे नाव, माहितीचा साठा कोठे आहे याविषयीची शंका आणि देशादेशांतील संबंध. प्रकाशन हे निव्वळ विक्रीचे काम नसून त्यात सार्वभौम कायद्याचा संबंध येतो, हा धडा आपण विसरता कामा नये.

त्यानंतरच्या काळात परदेशी प्रकाशकांनी येथील निर्मात्यांत गुंतवणूक वाढविली. बंगळूरच्या मूनफ्रॉगची मालकी २०२१ मध्ये स्वीडनच्या स्टिलफ्रंटकडे गेली. ‘रिअल क्रिकेट’ या मालिकेची निर्माती नॉटिलस मोबाइल २०२० मध्ये पुण्याच्या जेटसिंथेसिसने घेतली होती. २०२५ मध्ये तिचे नियंत्रण क्राफ्टनकडे आले. परकी भांडवल त्याज्य आहे असे मी म्हणणार नाही. त्याबरोबर अनुभवही येतो. पण क्रिकेटसारखा आपल्या नसानसांत भिनलेला खेळ मोबाइलवर कोणाच्या हक्काने चालावा, याचा विचार आपण केला नाही, तर तो दुसरे कोणी करतील.

खेळ आणि जुगार

या बाजारपेठेवर दीर्घकाळ आणखी एक सावली होती. करमणुकीचा खेळ आणि पैसे लावण्याचा खेळ यांची सरमिसळ लोकांच्या मनातही होती आणि गुंतवणूकदारांच्या हिशेबातही. १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याची स्पर्धा आणि जुगार यांत भेद केला. पुढे याच भेदाच्या आधारे रमी आणि कल्पित संघांचे पैशांचे खेळ मोबाइलवर फोफावले. त्यांत अनेक घरांची पुंजी बुडाली, हे नाकारता येणार नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचे प्रोत्साहन व विनियमन करणारा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून जिंकण्याचा ऑनलाइन खेळ पुरविणे या कायद्याने निषिद्ध ठरविले. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक, शैक्षणिक व करमणुकीच्या खेळांना मात्र कायद्याने प्रोत्साहनाचा विषय मानले. या कायद्यास न्यायालयात आव्हानही देण्यात आले.

या कायद्याने एका बाजूस मोठा व्यवसाय थांबला आणि कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. दुसऱ्या बाजूस निखळ खेळ बनविणाऱ्यास प्रथमच स्वतंत्र ओळख मिळाली. परंतु ओळख मिळाली म्हणजे प्राप्ती मिळाली असे नव्हे. जे भांडवल पैशांच्या खेळांकडे धावत होते ते आपोआप आपल्याकडे वळेल, या भरवशावर कोणी राहू नये. बालकांविषयीची जबाबदारीही ध्यानात ठेवावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली असून मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींस मनाई केली आहे. जाहिरातींवर पोसलेल्या खेळांना यापुढे या तरतुदींचा विचार आराखड्यापासूनच करावा लागेल.

करारावर सही करण्यापूर्वी

आपणांपैकी काही जण दोन-चार वर्षांत एखादा खेळ घेऊन प्रकाशकाच्या दारी उभे राहतील. त्यांच्यासाठी काही व्यावहारिक सूचना.

पहिली गोष्ट हक्कांची. खेळाचे नाव, पात्रे, चित्रे आणि मूळ आज्ञावली यांची मालकी आपल्याकडे राहते की प्रकाशकाकडे जाते, हे स्पष्ट लिहून घ्यावे. पुढील भाग काढण्याचा अधिकारही त्यातच येतो.

दुसरी गोष्ट मुदतीची आणि प्रदेशाची. सर्व जगाचे हक्क कायमचे देण्याऐवजी ठरावीक देशांचे, ठरावीक वर्षांचे द्यावेत. प्रकाशकाने अमुक मुदतीत खेळ प्रसिद्ध केला नाही, तर हक्क परत येतील असे कलम असावे.

तिसरी गोष्ट वजावटीची. वाटणीची टक्केवारी पाहून हुरळून जाऊ नये. वाटणीपूर्वी कोणकोणते खर्च वळते होणार आणि त्यांस मर्यादा आहे काय, हे पाहावे. मघाच्या उदाहरणात चाळीस रुपयांचे साठ झाले असते, तर आपल्या हाती पाचच रुपये उरले असते.

चौथी गोष्ट हिशेबाची. डाउनलोड, प्राप्ती आणि जाहिरात-खर्च यांचे आकडे दरमहा पाहण्याचा आणि गरज पडल्यास तपासणी करण्याचा अधिकार असावा.

पाचवी गोष्ट खात्याची. स्टोअरवर खेळ कोणाच्या खात्याने प्रसिद्ध होतो? करार संपल्यावर जमलेले खेळाडू, त्यांची परीक्षणे आणि मूल्यांकन कोणाकडे राहणार? खाते प्रकाशकाचे असेल आणि हस्तांतरणाचे कलम नसेल, तर निर्मात्याला पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागते.

ही पाच कलमे वकिलाकडून तपासून घेण्याचा खर्च खेळातल्या एखाद्या दृश्याच्या खर्चाहून अधिक नसतो.

महाराष्ट्रापुढील संधी

मुंबई, नवी मुंबई आणि पुणे या पट्ट्यात हा व्यवसाय पूर्वीपासून रुजलेला आहे. पुण्याच्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा भारतीय कल्पनाविश्वावर आधारलेला समरखेळ प्रकाशित करून मोठ्या परदेशी खेळांशी स्पर्धेचे साहस केले. मे २०२५ मध्ये मुंबईत भरलेल्या ‘वेव्हज’ परिषदेत संगणकीय खेळांना चित्रपटाच्या बरोबरीने स्थान मिळाले. भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था मुंबईतच उभी राहत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा असलेल्या धोरणास मान्यता दिली.

या उपक्रमांत निर्मितीइतकेच प्रकाशनाला महत्त्व मिळावे, अशी माझी नम्र सूचना आहे. खेळ बनविण्यासाठी अनुदान दिले आणि तो जगापुढे नेण्यासाठी काहीच दिले नाही, तर धान्य पिकवून ते खळ्यावरच ठेवल्यासारखे होईल. शेतमालाच्या बाबतीत आपण सहकारी खरेदी-विक्री संघ उभारले. लहान निर्मात्यांनी एकत्र येऊन चाचणी, भाषांतर, विधिसाहाय्य आणि जाहिरात यांसाठी सामाईक प्रकाशन संस्था उभारण्यास काय हरकत आहे? महाविद्यालयांनी अभ्यासक्रमात करार, हक्क आणि बाजारपेठेचे गणित यांचा समावेश करावा.

मराठीचाही येथे विचार व्हावा. स्टोअरवर खेळाची माहिती मराठीतून देण्याची सोय आहे, परंतु तिचा उपयोग फार थोडे निर्माते करतात. किल्ल्यांची बांधणी, वारीची वाट, विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या, दशावतार यांत खेळाला लागणारे नियम, आव्हाने आणि कथा भरपूर आहेत. मराठी आवृत्तीला प्रारंभी प्राप्ती अल्प होईल, हे खरे. पण ज्यांना इंग्रजी सूचना वाचता येत नाहीत असे खेळाडू त्यामुळे टिकून राहतात आणि टिकून राहिलेला खेळाडू हेच या व्यवसायाचे खरे भांडवल होय.

मित्रहो, आपल्या देशात खेळाडूंची वाण नाही, बुद्धीची नाही आणि कथांचीही नाही. उणीव आहे ती आपल्या खेळाचे आपणच प्रकाशक होण्याच्या सवयीची. पहिला खेळ लहान असू द्या. एखाद्या संध्याकाळी चार मित्रांनी खेळावा एवढाच असू द्या. पण तो स्वतःच्या खात्यावरून प्रसिद्ध करा, त्याचा हिशेब स्वतः ठेवा आणि दुसऱ्या दिवशी किती जण परत आले ते स्वतः मोजा. एवढे ज्याने एकदा केले, तो पुढे प्रकाशकासमोर बसला तरी याचक म्हणून बसणार नाही.